भुरीला विचारलेले प्रश्न

माझे घरमालक सुनेशी बोलत नसत. भांडण वगैरे काही नव्हतं. सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही आणि सुनेनं त्याच्यापुढे नाकाखाली पदर ओढल्याशिवाय यायचं नाही, हा त्या घरचा रिवाज होता आणि दोघंही तो बिनतक्रार पाळत होते. पण एका छपराखाली राहायचं म्हणजे सांगायची-विचारायची वेळ येतेच. त्यासाठी त्यांनी भुरी नावाची गाय नेमली होती.

भुरी अंगणातल्या गोठ्यात, स्वयंपाकघराच्या खिडकीला लागूनच बांधलेली असायची. घरमालक तिच्यासमोर उभे राहून म्हणायचे, "भुरे, आज डबा नको म्हना. मी घरीच येऊन राहिलो जेवाले." भुरी रवंथ करायची आणि आत सून ओट्यावर पेला वाजवायची. पेला वाजला म्हणजे हो, किंवा समजलं. नाही वाजला म्हणजे नाही. तिखट-मीठ संपलं, गॅस संपला असं काही मोठं सांगायचं असेल तर तीही खिडकीतून भुरीलाच सांगायची. त्या गाईला घरातलं सगळं माहीत होतं आणि तिच्या तोंडून एक शब्द बाहेर जात नसे, हे त्या गावात फार कमी जणांबद्दल म्हणता आलं असतं.

मी त्या घरात पुढच्या खोलीत भाड्यानं राहायचो. आरोग्यसेवक म्हणून माझी पहिलीच नेमणूक, सातारा जिल्ह्यातून उचलून थेट गोंदियाला. गाव बिरसीच्या विमानतळाजवळचं. डोक्यावर दिवसभर शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं घिरट्या घालायची आणि खाली धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, वाकलेल्या बायका मान वर करून बघायच्या नाहीत. सगळं गाव घरमालकांना काकाजी म्हणायचं, तसा मीही म्हणू लागलो. मला ते डाक्टर म्हणत. मी डॉक्टर नाही हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं. "माहीत आहे जी," ते म्हणायचे, "पन हाका माराले बरं पडते."

माणूस उंच, वाळका, बोलताना समोरच्याच्या शर्टाचं बटण धरणारा. पटेपर्यंत सोडायचे नाहीत. माझ्या दोन शर्टांची वरची बटणं त्यांच्याच हातात निघाली आहेत. तुटलेलं बटण ते काकूंकडे देत आणि पुढचं धरत. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या कमी बोलायच्या, पण बोलल्या की दिवसभर पुरायचं.

त्या वर्षी वरून मोहीम आली. गरोदरपणात पुरुषांचा सहभाग वाढवायचा. पोस्टरं आली, चित्रांचा फिरवायचा तक्ता आला, गाणं वाजवणारा भोंग्याचा ऑटो आला. पोस्टरवर एक गुळगुळीत दाढी केलेला तरुण बायकोच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता आणि खाली लिहिलं होतं, 'तिची तपासणी, माझीही जबाबदारी.' त्याखाली बारीक अक्षरांत धोक्याच्या खुणांची यादी होती. तरुणाच्या शर्टाला कडक इस्त्री होती. गावातल्या बायका ते पोस्टर उभं राहून बघायच्या आणि हसत पुढं जायच्या. पुरुष बघायचेच नाहीत. आणि हे सगळं त्या पुरुषांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे, म्हणजे लग्न न झालेल्या, बाईशी नीट चार वाक्यं बोलू न शकणाऱ्या माणसाकडे आलं. गरोदरपणाबद्दल मला जेवढं माहीत होतं, तेवढं सगळं त्या तक्त्यावरच होतं.

मार्चमध्ये मी पहिला मेळावा ठेवला. आदल्या दिवशी भोंग्यावरून सांगितलं, की उद्या सकाळी फक्त पुरुषांनी मारुतीच्या पारावर यावं, आरोग्य विभागाचे कर्मचारी येणार आहेत. हे सांगताना माझ्या डोक्यात वाईट काही नव्हतं. पण 'फक्त पुरुष' आणि 'आरोग्य विभाग' हे शब्द त्या गावानं याआधी एकत्र ऐकले होते ते नसबंदीच्या शिबिराच्या वेळी. सकाळी मी तक्ता घेऊन पारावर गेलो तर गावात बाप्या माणूस औषधाला नाही. काही बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, बांधामागं जाऊन बसले होते. दोघं तर पहाटेच बालाघाटकडच्या पाहुण्यांकडे निघून गेले होते. सलूनवाला गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडून गेला आणि ते गिऱ्हाईकही त्याच्या मागोमाग गेलं.

पारावर एकटे काकाजी बसले होते.

"काकाजी, तुम्ही नाही पळालात?"

"मी कायले पराव? माह्या वयाले आता काय कापता?"

माझ्याबरोबर आलेल्या आशाताईंनी, म्हणजे गावच्या आशा सेविकेनं, मला हळूच सुचवलं, की आज राहू द्या. पण मी हट्टाला पेटलो होतो. एका माणसाला तर एका माणसाला. मी तक्ता उघडला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. काकाजींनी सगळं ऐकून घेतलं. लोहाची लाल गोळी, धनुर्वाताचं इंजेक्शन, रक्त किती असावं, पोटातल्या बाळाची हालचाल. धोक्याच्या खुणांच्या पानावर ते थांबले. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं अंधारी, हातापायावर आणि चेहऱ्यावर सूज. चित्रातला सुजलेला पाय त्यांनी बोटानं दाबून पाहिला, जणू खळी पडेल.

"हे सारं नवऱ्यानं पाहाचं?"

"हो. नवऱ्यानं."

"माहा पोरगा तं हैदराबादले आहे. कंपनीत. मंग पाहाचं कोनं?"

त्यांच्या सुनेला तेव्हा चौथा महिना होता. मी तक्ता उलटसुलट करून पाहिला. सासऱ्याचं चित्र कुठल्याही पानावर नव्हतं. मी म्हणालो, घरातल्या कुणीही जबाबदार माणसानं पाहिलं तरी चालेल. त्यांनी माझ्या शर्टाचं बटण सोडलं आणि पोस्टर मागून घेतलं. संध्याकाळी बघतो तर ते भुरीच्या गव्हाणीवर चिकटवलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून भुरीची चौकशी सुरू झाली. "भुरे, लाल गोळी घेतली का?" आतून पेला. "भुरे, लेकरू फिरून राहिलं का पोटात?" थोडा वेळ थांबून, लाजत, पेला. "भुरे, डोस्कं दुखते का?" शांतता. "पायावर, तोंडावर सूज?" शांतता. मग काकाजी समाधानानं पाण्याचा तांब्या उचलून निघायचे. काकू चुलीपाशी बसून हे ऐकायच्या. एकदा मला म्हणाल्या, "आता भुरीले डोहाळे लागले म्हनून गावभर पेढे वाटतीन हे."

पण काकाजी घरापुरतं काही करणारे नव्हते. गावचा तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधला होता असं सांगत, आणि तलावाचं पाणी कुणाच्या बांधीला कधी सोडायचं हे आजही त्यांच्याच हाती होतं. पाणी सोडायच्या तोंडाला तिकडं तुडूम म्हणतात. उन्हाळी धानाचे दिवस होते. पाण्याची पाळी आली की माणूस सकाळी तुडुमावर हजर व्हायचा आणि तिथं काकाजी तलावाच्या बांधावर बसलेले असायचे.

"बायकोले कितवा महिना?"

"अं... पाचवा असंन."

"असंन म्हंजे? रगत किती आहे तिचं?"

"इचारलं नाही जी."

"जाय, इचारून ये. पानी काही परून नाही जात."

आधी लोकांना ती गंमत वाटली. दोन-तीन जण खरोखरच रिकाम्या हातानं परत गेले तेव्हा गंमत संपली. मग पुरुष पाठ करून येऊ लागले. रक्त किती, वजन किती, पुढची तपासणी कोणत्या वारी. एकानं ऐटीत सांगितलं, "बावीस." काकाजींनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बावीस तं बीटातबी नसते बावा. जाय घरी." एकजण सगळी उत्तरं घडाघडा म्हणाला, तेव्हा कुणीतरी हळूच सांगितलं की याचं लग्नच झालेलं नाही. भीतीनं पाठ केलं होतं त्यानं. काकाजींनी त्याला सगळ्यांच्या आधी पाणी दिलं.

तक्रार ग्रामपंचायतीत गेली. सरपंच बाई होत्या. त्यांनी तक्रार नीट ऐकून घेतली आणि तक्रारदाराला विचारलं, "मंग सांगा ना, किती आहे रगत?" तो विषय तिथंच मिटला.

परिणाम असा झाला, की तपासणीच्या दिवशी उपकेंद्रासमोर नवऱ्यांची रांग लागू लागली. सिस्टर, म्हणजे आमच्या उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका, आधी बावरल्या. इतकी वर्षं तिथं बायका, पोरं आणि एखादी शेळी एवढंच असायचं. आता एक पुरुष बायकोला टोचलेली सुई बघून घेरी येऊन पडायचा आणि बायको त्याला पदरानं वारा घालायची. तालुक्याचे साहेब पाहणीला आले, त्यांना ते दृश्य बघून भरून आलं. पोस्टरासमोर उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला. "यातलं नेमकं कशामुळे झालं? भोंगा की तक्ता?" त्यांनी मला विचारलं. मी तुडुमाकडे बघितलं आणि "स्थानिक पातळीवरचा संवाद, सर," असं म्हणालो. साहेबांना हे वाक्य आवडलं. पुढच्या तीन बैठकांत त्यांनी ते स्वतःचं म्हणून वापरलं.

आता हा माणूस संत होता असं कुणी समजू नये. काकाजी अतिशय त्रासदायक होते. ते मला जेवताना गर्भाच्या वाढीविषयी प्रश्न विचारत. मला उत्तर आलं नाही की "डाक्टर असून?" म्हणत. सुनेला लोह मिळावं म्हणून त्यांनी घरात बीट आणलं, गूळ-शेंगदाणे आणले, शेवग्याचा पाला आणला, आणि हे सगळं भुरीमार्फत इतक्या वेळा खायला लावलं की एक दिवस खिडकीतून आवाज आला, "भुरे, मी काही गाय नाही म्हना." काकाजी चाट पडले. मग इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. सुनेनं त्यांच्यासमोर केलेला तो पहिला विनोद होता आणि तोही गाईला सांगून.

जुलैत रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला. सुनेला आठवा लागला होता. नववा लागला की पहिल्या बाळंतपणाला माहेरी पाठवायचं ठरलं होतं. त्या दिवशी सकाळी काकू मजुरांबरोबर बांधीवर गेलेल्या. मी अंगणात दात घासत होतो. काकाजी नेहमीसारखे गव्हाणीपाशी.

"भुरे, गोळी घेतली?"

पेला.

"लेकरू फिरून राहिलं?"

पेला.

"डोस्कं दुखते?"

इथं रोज शांतता असायची. त्या दिवशी पेला वाजला. काकाजींनी दचकून भुरीकडे पाहिलं, जणू तीच म्हणाली. त्यांनी पोस्टरकडे नजर टाकली.

"डोळ्यापुढं आंधारी?"

पेला वाजला, पण सरळ नाही. हातातून निसटल्यासारखा.

पुढचा प्रश्न चेहऱ्यावरच्या सुजेचा होता आणि तिथं काकाजी अडले. आता पेल्यावर विसंबून चालणार नव्हतं, स्वतःच पाहायला हवं होतं. पण सुजलेला चेहरा ओळखायचा तर आधीचा चेहरा माहीत हवा. सून घरात येऊन वर्ष होऊन गेलं होतं, आणि सासऱ्यानं तिला पदराच्या खाली कधी पाहिलंच नव्हतं. चार महिने ते रोज सुजेबद्दल विचारत होते आणि ती दिसली असती तरी त्यांना कळली नसती.

ते घरात गेले. भिंतीवरची लग्नाची तसबीर खिळ्यासकट उपसून बाहेर आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. त्या दारात मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

"पोरी," ते म्हणाले, "बाहेर उजेडात ये. पदर काढ डोस्क्यावरचा. मले तुहं तोंड पाहू दे."

माझ्या तोंडात ब्रश तसाच राहिला. मग ती भिंतीला धरत बाहेर आली आणि तिनं पदर मागे केला. काकाजींनी तसबीर तिच्या चेहऱ्याशेजारी धरली. बँकेतला माणूस आधार कार्ड पडताळतो तसं एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं.

"डाक्टर, इकडं या. हे तीच पोरगी आहे का?"

तसबिरीतल्या मुलीला टपोरे डोळे होते. समोरच्या मुलीचे डोळे फुगलेल्या पापण्यांत बुडाले होते. मी तिला उपकेंद्रात नेलं, दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि विश्वास न बसून पुन्हा बांधला. सिस्टरनं रक्तदाबाची गोळी दिली, रुग्णवाहिका बोलावली. काकू बांधीतून चिखलाच्या पायांनी तशाच धावत आल्या. आम्ही गोंदियाला निघालो.

सरकारी दवाखान्याच्या प्रसूती विभागाच्या दारात रखवालदारानं काकाजींना अडवलं. तसबीर त्यांच्या काखेतच राहिली होती. कुणी हरवलं आहे म्हणून शोधत आले असावेत असं त्याला वाटलं.

"बाबा, आदमी लोग अंदर नहीं जाते."

दारावर तशी पाटीच होती, पुरुषांना प्रवेश नाही. आणि पाटीच्या शेजारी, त्याच भिंतीवर, आमचं पोस्टर होतं. काकाजींनी पोस्टरवर बोट ठेवलं.

"मंग हे कायले लावलं? सरकार बोलावते अन् तुम रोकता?"

"वो पति लोगों के लिए है, बाबा."

"पति हैदराबाद में है. मैं उसका बाप है."

"तो बाप का पोस्टर आने दो, फिर छोड़ूँगा."

काकाजींनी त्याच्या वर्दीचं बटण धरलं. मी त्यांना मागे ओढलं. मग ते त्या पोस्टरखालीच मांडी घालून बसले, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक नवऱ्याला बायकोचं रक्त किती आहे ते विचारू लागले. संध्याकाळपर्यंत रखवालदारानं आपली खुर्ची त्यांना दिली होती. त्याच्या बायकोला सहावा होता असं निघालं.

मुलगी झाली. वेळेआधीची, ओंजळीत मावेल एवढी, काचेच्या पेटीत ठेवलेली. तिची आई त्याच्या दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन पाणी मागू लागली. झटके यायच्या आत आणलंत म्हणून दोघी हाताला लागल्या, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मुलगा हैदराबादहून आला, प्रवासातही इस्त्री न मोडलेल्या शर्टात. रखवालदारानं त्याला लगेच आत सोडलं. "पोस्टरवरचा आला," काकाजी म्हणाले. रागानं नाही. त्यांना खरंच हायसं वाटलं होतं. मलाही वाटलं, कारण त्यांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आता दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागणार होती.

दुपारी मी चहा घेऊन आलो तेव्हा काकाजी आणि काकू बाहेरच्या बाकावर बसले होते. काकूंनी डबा उघडला होता, पण जेवत कुणीच नव्हतं. काकाजी समोरच्या भिंतीवरच्या पोस्टरकडे बघत होते. गेले चार महिने ते रोज तेच पोस्टर बघत आले होते, पण तेव्हा शेजारी काकू नसायच्या.

"आपल्या पयल्या पोरीच्या वक्ती," ते म्हणाले, "तुह्या तोंडावर अशी सूज होती का?"

मी जागीच थांबलो. त्या घरात मी दोन वर्षं राहिलो होतो. त्यांना एक मुलगा आहे एवढंच मला ठाऊक होतं. त्याच्या आधी कुणी मुलगी होती, हे ना कधी त्यांच्या बोलण्यात आलं होतं, ना गावाच्या.

काकूंनी डब्याचं झाकण लावलं.

"होती."

"डोस्कं?"

"फुटून रायलं होतं."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमी कवा इचारलं?"

काकाजींचा हात काकूंच्या पदराच्या टोकाशी गेला. तिथं बटण नव्हतं. त्यांनी टोकच धरून ठेवलं.

"आता इचारून राहिलो," ते म्हणाले. "सांग."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. आपण बोलायला लागलो की हा माणूस उठून जातो की बसतो, याचा अंदाज घेत असाव्यात. मग त्यांनी डबा खाली ठेवला, पाय बाकावर उचलून घेतले आणि नीट मांडी घातली.

"आयका मंग," त्या म्हणाल्या. "तवाबी रोवनाच सुरू होता."